जागा आहे, पण फाइल होत नाही

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी मंदिरे, मानस्तंभ आणि बारव यांचे दस्तावेजीकरण करायला समजा एखादी चमू उतरली. फोटो, लेसर स्कॅन, त्रिमितीय प्रतिकृती. काही टीबी भरायला वेळ लागत नाही. मग सर्व्हरवर एक्सएफएसचे मोठे व्हॉल्यूम होते, ते एनएफएसवरून सगळ्यांना दिले जाते. आणि एका सकाळी जुने स्कॅनिंग सॉफ्टवेअर फोल्डर उघडायलाच नकार देते: ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप’. आधी केबल बदलली जाते, मग स्विच. दोन्ही बिचारे निर्दोष असतात.

एक्सएफएसमध्ये आयनोडचा, म्हणजे फाइलच्या नोंदीचा, क्रमांक हा डिस्कवरचा पत्ताच असतो. आयनोड २५६ बाइटचा असेल, तर ३२ बिटांचा क्रमांक पहिल्या १ टीबीपर्यंतच पुरतो. लिनक्स ३.७ पासून (२०१२) ‘आयनोड६४’ हा माउंटचा पर्याय मूळ सेटिंग झाला आणि क्रमांक ही हद्द ओलांडू लागले. एनएफएसच्या १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीला ६४ बिटांचा क्रमांक चालतो. अडखळतो तो ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम.

खात्री करायला सर्व्हरवर ‘एलएस -आय’ चालवा. क्रमांक ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे दिसला की चोर सापडला.

इथे बरेचजण सर्व्हर ‘आयनोड३२’ वर माउंट करून मोकळे होतात. आम्हाला हा उपाय मान्य नाही. आधीच तयार झालेल्या फाइलींचे क्रमांक त्याने बदलत नाहीत. शिवाय नवे आयनोड सुरुवातीच्याच भागात कोंबले जातात. तो भाग भरला, की ‘डीएफ’ भरपूर जागा दाखवत असतानाही ‘नो स्पेस लेफ्ट’ येते. रात्री दोनला हा विरोधाभास उलगडत बसण्यात काही गंमत नाही.

इलाज क्लायंटवर करावा. सॉफ्टवेअरची ६४ बिटांची आवृत्ती घ्यावी. ती मिळतच नसेल, तर त्या एका मशीनच्या कर्नलला ‘एनएफएस.एनेबल_आयनो६४=०’ द्यावे. क्रमांक घडी घालून ३२ बिटांत बसवले जातात. दोन फाइलींना एकच क्रमांक येण्याची शक्यता मात्र उरते, म्हणून बॅकअप त्या मशीनवरून घेऊ नये.

याच मोठ्या क्रमांकांमुळे उपडिरेक्टरी एक्स्पोर्ट केल्यावर ‘स्टेल फाइल हँडल’ येत असेल, तर मूळ व्हॉल्यूमच एक्स्पोर्ट करून पाहा, किंवा एफएसआयडी स्पष्ट लिहा. आणि सर्व्हर दुसऱ्याच्या हाती सोपवताना माउंटचे पर्याय कागदावर लिहून द्या.