जंगलात जावं ते बाळंतिणीच्या खोलीत जावं तसं



सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून यजमानांनी मे महिन्यात बोर्निओची सहल ठरवली आहे. पैसे वर्षानुवर्षं थोडे थोडे करून साठवलेले. त्यामुळे हौसही मोठी आणि धाकधूकही. त्या लिहितात, "वाटेत एका ठिकाणी ओरांगउटानचं पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढता येतो, असं सहलवाल्यांनी सांगितलंय. त्याचे पैसे वेगळे. धाकटीने मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलंय. मला मात्र मनातून ते बरं वाटत नाही. पण एवढ्या लांब जाऊन मीच 'नको' म्हटलं, तर सगळ्यांचा रोष माझ्यावर. काय करू? आणि कपडे कोणते न्यावेत, तेही सांगा."

ताई, कपड्यांचं सांगतेच. पण आधी फोटोचं. कारण तसा एक फोटो माझ्याही दिवाणखान्यात पुष्कळ वर्षं होता.

अशाच एका परदेशच्या सहलीत, संध्याकाळी बाजारातून हिंडताना एका माणसाने माझ्या हातात एक इवलंसं जनावर ठेवलं. मांजराच्या पिलाएवढं, मऊ, आणि डोळे केवढे! मी गुदगुल्या केल्या तर त्याने दोन्ही हात वर केले. "अगं बाई, लाजतंय बघा!" म्हणून आम्ही सगळ्या हसलो. फोटो काढला, पैसे दिले, घरी येऊन चौकट करून लावला. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला.

पुढे कळलं ते असं. त्या प्राण्याचं नाव लोरिस. तो रात्री हिंडणारा, म्हणून डोळे मोठे. बाजारातले दिवे आणि फोटोचा झगमगाट त्याला सोसत नाही. त्याच्या कोपराजवळ विषाची ग्रंथी असते. जिवाची भीती वाटली की तो हात वर करतो, म्हणजे तोंड तिथपर्यंत पोचावं. आम्ही ज्याला लाजणं म्हणत होतो, ती त्याची घाबरगुंडी होती. आणि तो चावू नये म्हणून असे धंदेवाले त्याचे पुढचे दात कापून टाकतात. लोरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ सालापासून बंदी आहे, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. तो फोटो मी त्याच दिवशी भिंतीवरून उतरवला. पण दिलेले पैसे काही परत येत नाहीत, बरं का. ते गेले पुढचं पिल्लू पकडायला.

आता ओरांगउटानचं पाहू. मलायी भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल. नाव शोभतं त्याला. आपल्या आणि त्याच्या जनुकांत सुमारे ९७ टक्के साम्य आहे. त्याची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच वितें, एरवी एकच पिल्लू, आणि ते सहा-सात वर्षं आईच्या आसऱ्याला राहतं. कुठलं फळ खायचं, झाडावर फांद्या मोडून रात्रीचा बिछाना कसा करायचा, सगळं आईच शिकवते. पहिली काही वर्षं तर ते आईच्या अंगाला घट्ट चिकटलेलंच असतं. मग मला सांगा, असं पिल्लू माणसाच्या हाती लागतं कसं? बहुतेक वेळा आईला मारून. आई जिवंत असताना ती पिल्लू सोडत नाही.

बोर्निओतले ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त म्हणून गणले जातात. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत तिथले एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जिची सात-आठ वर्षांतून एक वेळ कूस उजवते, तिच्या जातीत एक आई गेली तर भरून निघायला किती काळ जावा लागेल, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे जाऊच नये की काय? तसं मुळीच नाही. जरूर जावं. पाहुणे येतात, चार पैसे देतात, म्हणून तिथलं पुष्कळ जंगल राखलं जातं. फक्त कसं जावं, एवढाच प्रश्न. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे बाळंतिणीला भेटायला जातो ना, अगदी तसं जावं. सर्दी-खोकला असेल तर आपण जात नाही. हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावत नाही, आणि ती 'घ्या' म्हणाल्याशिवाय उचलत तर नाहीच. हळू बोलतो, घटकाभर बसतो, निघतो. जंगलातही एवढंच पाळायचं. माणसाचा खोकला-पडसं ओरांगउटानला लागतं. आपल्याला जे दोन दिवसांचं पडसं, ते त्याच्या पिलाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून निदान दहा मीटर अंतर ठेवायचं, बरं नसेल तर त्या दिवशी मुक्कामावरच राहायचं, आणि खायला तर काहीही द्यायचं नाही.

ताई, तुम्ही बोर्निओच्या मलेशियातल्या भागात, म्हणजे साबा राज्यात जात असाल, तर ही दोन ठिकाणं यादीत आहेत ना ते पाहून घ्या.

पहिलं सेपिलोक. संडाकान गावापासून साधारण २५ किलोमीटरवर. आईवेगळ्या ओरांगउटानांना पुन्हा जंगलात राहायला शिकवण्याचं काम इथे १९६४ पासून चालतं. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता झाडावरच्या मचाणावर फळं ठेवतात आणि पाहुण्यांनी लांबच्या लाकडी सज्ज्यावरून पाहायचं. लहान पिलं काचेच्या भिंतीआडून पाहायला मिळतात. पर्स, पिशव्या, खाऊ बाहेरच ठेवून जावं लागतं, कारण ही मंडळी हातातली वस्तू केव्हा ओढून नेतील, नेम नाही. इथे कुणी पिल्लू तुमच्या कडेवर देणार नाही, आणि तीच चांगल्या जागेची खूण. एखाद्या दिवशी मचाणावर कुणीच आलं नाही, तर हिरमुसू नका. जंगलात फळं पिकली की ती इकडे फिरकत नाहीत. माहेरी सगळं शिकून लेक स्वतःच्या संसारात रमली, असं समजा.

दुसरं किनाबातांगान नदी. ५६० किलोमीटर लांबीची ही साबातली सर्वांत मोठी नदी. पहाटे आणि उन्हं कलल्यावर छोट्या होडीतून फिरायचं. लांब लोंबत्या नाकाची माकडं संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात. नशीब असेल तर हत्ती दिसतात. हे बोर्निओचे हत्ती जगात आता सुमारे एक हजारच उरले आहेत. धनेश पक्षी तर आपल्या कोकणातल्या लोकांना नवा नाही. तीच तऱ्हा तिथे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. इथे नदीकाठच्या गावांत घरगुती मुक्कामाची सोय आहे. बातू पुतेह गावातल्या लोकांनी तर त्यासाठी सहकारी संस्थाच काढली आहे. हॉटेलपेक्षा सोयी कमी, पण तुमचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात, आणि जंगल राखलं तर आपल्याही चुलीला आधार, हे गावाला कळतं.

पैसे भरण्याआधी सहलवाल्यांना चार प्रश्न विचारा. प्राण्यांना हात लावणं, कडेवर घेणं, त्यांचे खेळ असं काही कार्यक्रमात आहे का? प्राण्यांना जवळ आणण्यासाठी खायला घालता का? वाटाड्या तिथलाच आहे का? एका होडीत माणसं किती? उत्तर देताना माणूस चाचरला, तर काय ते समजा. फोटोचे पैसे वेगळे आहेत, हे तुमच्या पथ्यावरच पडलं. तो भाग सरळ वगळता येईल.

आता बॅग. तिथे बाराही महिने पाऊस पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त, मे त्या मानाने बरा. जाड सुती कपडा भिजला की वाळतच नाही, म्हणून पटकन वाळणारे, लांब बाह्यांचे सलवार-कुडते किंवा पँट-शर्ट न्या. रंग मातकट, हिरवे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे खास मोजे मिळतात, ते पँटवरून चढवायचे. जळू लागलीच तर घाबरू नका, नखाने हळूच सरकवून काढा आणि जखम धुवा. अत्तर, सेंट घरीच ठेवा. फोनचा फ्लॅश बंद. जमल्यास एक दुर्बीण चौघांत मिळून न्या, म्हणजे जवळ जायचा मोह होत नाही. चिवडा-लाडू न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात आणि खोलीतच खा, कारण माकडांना एकदा चव लागली की ती पुढच्या पाहुण्यांच्या अंगावर येतात. रिकाम्या पिशव्या परत आणा. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, आणि भाजीत वाटलेली सुकी कोळंबी नाही ना, तेही विचारा. तिकडे ती पालेभाजीतसुद्धा घालतात. आठवण म्हणून गावातल्या बायकांनी विणलेली टोपली घ्या. शिंग, दात, चोच, शिंपला यांतलं काही घेऊ नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला जंगलाआधीच दिसेल. नदीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन् मैल एकाच जातीची, रांगेत लावलेली झाडं. ती तेलाच्या पामची लागवड. पूर्वी तिथेही जंगलच होतं. जगातलं बहुतेक पाम तेल मलेशिया आणि इंडोनेशियातून येतं, आणि ते सर्वांत जास्त मागवणारा देश आपला. घरी जाऊन बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, साबण यांच्या पुड्यांवरचा मजकूर वाचा. पामोलिन किंवा पाम तेल पुष्कळ ठिकाणी सापडेल. ते एकदम टाकून द्या असं मी म्हणत नाही. एका एकरात पामइतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही, तेव्हा दुसऱ्या तेलाला आणखी जमीन लागेल. पण विकतचं तळण आठवड्यातून एकदा कमी करणं हातातलं आहे. जंगल न तोडता पिकवलेल्या तेलासाठी २००४ साली 'आरएसपीओ' नावाची संस्था निघाली. तिची खूण पुड्यावर दिसली, तर तो पुडा घ्या. दिसली नाही, तर कंपनीला एक पत्र टाका. तुमच्यामाझ्यासारख्या बायकांची पत्रं दुकानदार आणि कंपन्या वाचतात, हा माझा अनुभव आहे.

राहता राहिली धाकटी. तिला नुसतं 'नाही' म्हणू नका. जवळ बसवून त्या पिलाच्या आईचं काय झालं असेल, ते सांगा. मुली समजूतदार असतात हो, आपणच सांगत नाही. मग तिच्या हाती दुर्बीण द्या आणि एक वही. रोज काय दिसलं, कुठे दिसलं, ते तिने लिहायचं. मैत्रिणींना दाखवायला कडेवरच्या फोटोपेक्षा ती वही बरी. आणि यजमानांना सांगा, फोटोचे ते पैसे होडीच्या आणखी एका फेरीला वापरू.

परत आलात की कळवा, ताई. मचाणावर कुणी आलं होतं की नाही, तेही लिहा.