मोकळ्या घशाच्या गाड्या

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी सायकलसह गटारात पडली. शाळा नुकतीच सुटली होती. मागून येणाऱ्या मोटारीने तिला धक्का दिला नव्हता. मोटार चांगली वीस हात लांब होती. चालवणाऱ्याने वेग वाढवून एकाएकी पाय काढला आणि मागच्या नळीतून बंदुकीसारखे तीन बार निघाले. पोरीचे कोपर सोलले, दप्तर चिखलात गेले. "सर, कुणीतरी पायात फटाका टाकला असं वाटलं," एवढेच ती म्हणाली.

गाडी कोणाची ते मला ठाऊक होते. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी, गाडी वडिलांच्या नावावर, आणि त्या नळीचे पंचेचाळीस हजार रुपयेही वडिलांचेच.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतले. पोरगा वाईट नव्हे. पाया पडला, मुलीच्या घरी जाऊन माफीही मागून आला. पण नळी काढ म्हटल्यावर हसला. "तसं नव्हे सर, टर्बो गाडीचा गळा कंपनीनंच आवळून ठेवलेला असतोय. आता मोकळी झाली बघा."

मी मराठीचा एम. ए.; यंत्रातले मला काय कळणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. म्हणून उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो, वर चढवलेली गाडी खालून पाहिली, सगळे समजून घेतले आणि मगच लिहायला बसलो.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहानशा चक्राची पाती फिरवतो. त्याच आसावर दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायचे, हे तिचे मर्म. धुराचे धक्के त्या पात्यांवर मोडतात, म्हणून टर्बो गाडी मुळातच कमी आवाज करते. ते मौन म्हणजे दुबळेपणा नव्हे. फुकट जाणारा जोर कामाला लागल्याची ती खूण आहे. आमची पोरे नेमकी त्याच मौनाला लाजतात!

आता खरे तेही सांगतो. टर्बोच्या पुढची वाट मोकळी केली तर चक्र लवकर वेग घेते, हे खोटे नाही. शर्यतीच्या मैदानावर त्याचा उपयोग होतो. पण नुसता मागचा डबा बदलणाऱ्याच्या पदरी बहुधा आवाजच पडतो. ताकद नाममात्र वाढते. खरा फरक पाडायचा तर टर्बोला लागून असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढावा लागतो आणि गाडीच्या संगणकातली आज्ञावली बदलावी लागते. आणि इथेच मौजेचा गुन्हा होतो. त्या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू त्यावर बऱ्याच अंशी निर्धोक होतात. १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. आज तो डबा भंगारात विकून पोरे त्याच पैशांत मित्रांना जेवण घालतात. गाडी दिवा लावून तक्रार करते, तर त्या दिव्याचीही सोय केली जाते!

आणि ते बार? इंजिनात जळायचे पेट्रोल मुद्दाम उशिरा पेटवून नळीत जाळायचे, याला पोरे संगीत म्हणतात. त्या उष्णतेने कन्व्हर्टर खराब होतो, टर्बोचे आयुष्यही घटते. कंपनीची हमी जाते, विम्याच्या दाव्यात अडचण येते. दिवाळीच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. यांची दिवाळी मात्र बारमाही!

कायदा नाही असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, हे मुलांना आम्ही फळ्यावर शिकवतो. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, आवाजाचे व धुराचे नियम मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद झाली. पण कायदा दाराशी येईपर्यंत वाट पाहायची असेल, तर आपण पालक कशासाठी?

माझा खरा राग पोरांवर नाही, पैसे देणाऱ्यांवर आहे. मुलाच्या ग्रंथालयाच्या वर्गणीला कुरकुरणारा बाप नळीसाठी हजारो मोजतो आणि शेजारी तक्रार घेऊन आला की "वय आहे हो" म्हणतो. रविवारी हीच गाडी चोर्ला घाटातून गोव्याला जाते, तेव्हा रानालाही उसंत नसते. त्या गॅरेजपुढे संध्याकाळी उभी राहणारी पोरे मराठीही बोलतात आणि कन्नडही. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडणारे आपण दोन्ही भाषांचे वडीलधारे या एकाच बाबतीत एकदिलाने बहिरे झालो आहोत. आपला आवाज कोणी ऐकत नाही, ही या सीमाभागाची जुनी तक्रार. पण ऐकले जाणे आणि कर्कश होणे यातला फरक आपणच पोरांना शिकवला नाही. उद्यमबागेत आपलीच माणसे लोखंडाला केसाहून बारीक मापात घडवतात. त्याच गावात अभियंत्यांनी मेहनतीने घडवलेली वस्तू कापून फेकणे म्हणजे हुशारी, असे पोरांना वाटावे?

पालकहो, कंपनीची मूळ नळी बहुतेक घरांत माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेमागे पडलेली असते. दिवाळीची साफसफाई करताना ती हाताला लागेल. भंगारवाल्याला देऊ नका. पुसून घ्या, पोराला हाक मारा आणि दोघे मिळून गॅरेजात जा. पाडव्यापूर्वी ती गाडीला परत बसवा. आमची ती मुलगी अजून मागून मोटार आली की सायकलवरून उतरून उभी राहते.