कवितेवर फिर्याद

विष्णू सूर्या वाघ यांच्या ‘सुदिरसूक्त’ या कोकणी कवितासंग्रहावरून गोमंतकात २०१७ साली जे घडले, त्याचा विसर पडू देणे आम्हांस इष्ट वाटत नाही. संग्रह प्रसिद्ध झाला २०१३ साली. चार वर्षे तो वाचकांच्या हाती होता. त्यापायी कोणाची नीती बिघडल्याचे आमच्या तरी ऐकिवात आले नाही. गोवा कोकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी परीक्षकांनी त्याची निवड केल्याची वार्ता अधिकृत घोषणेपूर्वीच फुटली मात्र, एकाएकी त्यातील शब्द अश्लील ठरले आणि त्यातील संताप जातिद्वेष ठरला. पुरस्कारच रद्द झाले. कवी व प्रकाशिका यांच्याविरुद्ध पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. ज्यांची वाणी विधानसभेत व रंगमंचावर सारखीच गाजली, ते वाघ त्या वेळी अंथरुणास खिळले होते. स्वतःची बाजू मांडणे त्यांना शक्यच नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते निवर्तले.

सुदिर म्हणजे शूद्र. वेदश्रवणाचा अधिकारही ज्याला नाकारला गेला, त्याच्या तोंडी सूक्त घालणाऱ्या कवीने भांडण शीर्षकातच मांडले होते. ही कविता सर्वांस रुचावी असा आमचा आग्रह नाही. एका ज्ञातीवर सरसकट ठपका ठेवला गेला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्याजोगे नव्हे. त्यांनी तसे लिहावे, सभा घेऊन सांगावे. परंतु कवितेची समीक्षा पोलीस ठाण्यात करावयाची म्हणजे काय? खेद याचाच अधिक, की पहिला आक्षेप साहित्यिकांच्याच वर्तुळातून उठला.

असा प्रसंग मराठीस नवा नाही. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक, तो डाग पुसण्यासाठी मात्र लेखकास सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. १९६९ साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि लोकांनी तो सहकुटुंब पाहिला! साहित्य व कला यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनास संरक्षण देणारा अपवादही त्याच साली कलम २९२ मध्ये घातला गेला. जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली असून अपवाद कायम आहे. पण तो उपयोगी पडतो न्यायालयात. तोवर वकिलाची फी, तारखा आणि पुढच्या पुस्तकास ‘नको’ म्हणणारा प्रकाशक, हे सारे भोगून झालेले असते.

शासनाच्या पैशाने पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी आपल्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, असे आम्ही सुचवितो. परीक्षकांचा निर्णय हाती आल्यावर बाहेरच्या आरडाओरड्यामुळे तो पुरस्कार रद्द करता येणार नाही. आणि ज्या परीक्षकास निवड अमान्य असेल त्याने आपले भिन्नमत कारणांसह लेखी द्यावे, ते संस्थेने निकालासोबत छापावे. वाघांच्या कवितेविरुद्ध असे सविस्तर मत त्या वेळी छापले गेले असते, तर आम्ही ते आवडीने वाचले असते.