तोंड पाण्यात घातले!



डिसेंबरात मुलाने मालवणला नेले. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून नेऊन स्नॉर्केलिंग करवतात. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. पंचाहत्तरीची बाई मी, पोहणे शून्य! सून म्हणाली, "आई, नुसतं तोंड पाण्यात घाला."

घातले. सवयीने नाकाने श्वास घ्यायला गेले आणि घाबरून होडीची कड धरली. शिकवणारा पोरगा म्हणाला, "आजी, तोंडानं श्वास घ्या. घाई नको." दुसऱ्या खेपेला जमले. खाली खडकावर प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे...

आणि मला आठवले भाटघर. फार वर्षांपूर्वी सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा त्या पाण्यात गेला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दर उन्हाळ्यात मी फळ्यावर लिहीत असे, 'पाण्याजवळ जाऊ नका.' पोरे जातच होती. म्हशी घेऊन, आईबरोबर धुणे घेऊन. इकडे भाटघर, तिकडे वेल्ह्याकडे पानशेत, गुंजवणी. पाणी टाळणार कुठे? त्या पोराने दहा मिनिटांत मला शिकवले ते मी एकाही मुलाला शिकवले नाही. मलाच कुठे येत होते म्हणा.

धरणाकाठच्या शाळेत तरंगणे पाढ्यांइतकेच सक्तीचे हवे, असे माझे आता स्पष्ट मत आहे. मुलींना तर आधी. मुलगे निदान पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात. (मला कुणी बांधला नाही.)

मे महिन्यात नात भोरला येईल. तिच्या काकाला विहिरीवर उतरायला सांगितले आहे. माळ्यावरचा डबा काढून झाकण घट्ट बसते का, तेही पाहून ठेवले.