म्हणे दारू ही आमची संस्कृती!

गोव्यात दारूविरुद्ध चकार शब्द काढला की उत्तर ठरलेलं : "फेणी ही आमची संस्कृती!" मान्य. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण मानांकन फेणीला मिळालं, पिऊन लोळण्याला नव्हे.

आजोबाही हुर्राक प्यायचे, हा दुसरा दाखला. अहो, ते पायी घरी परतायचे. नातू स्कूटरवरून परततो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल चालतं, अंधारातल्या वळणाला तेवढंही चालत नाही.

आणि "थोडी घेतली तर औषध" म्हणणाऱ्यांनो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलंय. सुरक्षित असं प्रमाणच नाही, हे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

मी सरकारी कारकून. विधवांचे अर्थसाहाय्याचे अर्ज टेबलावर येतात. वय चौतीस, छत्तीस... नवरा कशाने गेला विचारलं की काहीजणी मान खाली घालतात. सरकार एका हाताने अबकारी कर घेतं, दुसऱ्या हाताने हे साहाय्य वाटतं.

संस्कृतीचा अभिमान जरूर बाळगा. पण एकदा त्या बायकांसमोर हा शब्द उच्चारून दाखवा!