बसायला एक स्टूल
दिवाळीच्या तोंडावर दादरच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर ऐसपैस बसतं आणि साड्या उलगडून दाखवणारी मुलगी दहा-बारा तास उभी असते. पोटऱ्या भरून येतात, टाचा सुजतात. सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. याच नोकरीच्या पगारात घरभाडं, पोरांची फी, सासूची औषधं भागवायची, म्हणून तोंडातून ब्र निघत नाही. केरळमधल्या कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या अशाच बायका मात्र बसण्याच्या हक्कासाठी हटून बसल्या, लढल्या. मग केरळनं २०१८मध्ये दुकानांत बसण्याची सोय कायद्यानं बंधनकारक केली, तमिळनाडूनं २०२१मध्ये. एक स्टूल ठेवायला मालकाला कायद्याचा धाक कशाला हवा? आणि आपलंही चुकतंच. अर्ध्यावर आलेल्या शटरखालून ‘एकच बघायचीय’ म्हणत आपण आत शिरतो, तेव्हा दुकानातल्या त्या मुलीची बदलापूर लोकल चुकते.