रॅम वाढवली, तरी बॅकअप होईना!



बॅकअपच्या व्हिडिओत एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे लिहितो.

माझ्या साड्यांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं. एका होलसेलरने नव्या कलेक्शनचा ६०० एमबीचा व्हिडिओ पाठवला. काउंटरवरच्या मुलाने तो आयटमच्या नोंदीतच अपलोड केला. सेव्ह झाला, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण त्या रात्रीपासून बॅकअप अर्ध्यातच थांबत होता. माझ्या लक्षात आलं तीन आठवड्यांनी! तोपर्यंतची उधारी, स्टॉक, जीएसटीची बिलं, सगळं एकाच हार्डडिस्कच्या भरवशावर.

मला वाटलं, रॅम कमी पडते. ८ जीबीची १६ केली. पैसे गेले, एरर तीच.

कारण ऐका. बॅकअप काढताना पोस्टग्रेस एकेक नोंद मेमरीत अख्खी तयार करतो. त्या एका नोंदीला जागा मिळते जास्तीत जास्त १ जीबी, मग मशीनमध्ये रॅम कितीही असो. वर व्हिडिओचा मजकूर करताना एका बाइटची दोन अक्षरं होतात. म्हणजे ६०० चे झाले १२०० एमबी. मावणार कसे? लाखभर छोट्या नोंदी आरामात निघतात, एक अवाढव्य नोंद सगळं अडवते. मायएसक्यूएलवाल्यांनीही खूश होऊ नये. तिथे पॅकेटची मर्यादा वाढवता येते, पण १ जीबीच्या पुढे नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: डेटाबेसला खातेवहीसारखं वापरा, त्याचं गोडाऊन करू नका. व्हिडिओ आणि मोठे स्कॅन फोल्डरमध्ये ठेवा, नोंदीत फक्त फाइलचा पत्ता. डेव्हलपर म्हणेल, "सगळं एकाच ठिकाणी असलेलं बरं." छोट्या फोटोपुरतं ठीक आहे. पण अपलोडला मर्यादा घालून घ्याच, ५ एमबी पुष्कळ झाली. आणि हो, त्या फोल्डरचाही बॅकअप वेगळा घ्यायला विसरू नका.

शेवटचं काम तुमचं स्वतःचं. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करा आणि कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा. दिसलं, तरच बॅकअप झाला म्हणायचं. मी तीन आठवडे नशिबावर धंदा केला, तुम्ही करू नका.